कोणते इंगळे?

दिवाळी जवळ आली की अमरावतीबाहेरच्या रस्त्यांना दोन्ही अंगांनी कापूस फुटतो. माझ्या वयाच्या बायका गाडीतून जाताना हळव्या होतात. एकीला चांदणं सांडल्यासारखं वाटतं, दुसरीला माहेर आठवतं, तिसरी ‘पांढरं सोनं’ म्हणून उसासा टाकते. मी गप्प बसते. मला राग येतो. पंच्याहत्तरी उलटली, गुडघे गेले, रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणतात, आजी, राग करू नका. त्यांना काय सांगू, की हा राग दरवर्षी कापसाबरोबरच फुटतो आणि कापसासारखा दोन-तीन वेच्यांत संपत नाही?

वेचणी दुरूनच छान दिसते. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं सुयांसारखी असतात. नखांच्या कडा फाटतात, बाया बोटांना चिंध्या बांधतात. सकाळी दंवानं पऱ्हाटी ओली असते, लुगडी पोटरीपर्यंत भिजतात. मग ऊन चढतं आणि त्याच ओल्या पानांचा कोरडा चुरा होऊन मानेवर बसतो. कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकणाऱ्या त्या बायांचं गाणं आम्हाला बांधावर ऐकू यायचं. आम्ही म्हणजे मालकाची पोरं. आमच्या हाताला बोंड कधी टोचलं नाही. टोचलं ते दुसरंच.

१९५८ साल. मी दहा वर्षांची, चौथीत. चांदूर रेल्वेपासून तीन कोसांवर आमचं गाव. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, एकाच घरात होते. शेती चांगली होती, गावात शब्दाला मान होता, आणि आडनाव होतं इंगळे.

त्या पावसाळ्यात शाळेत नवे गुरुजी आले. तेविसेक वर्षांचे, सडपातळ, धुतलेला सदरा, हातात पत्र्याची पेटी. चावडीवर मोठेबाबांनी नाव विचारलं. ते म्हणाले, “इंगळे.”

बस. मोठेबाबांनी पेटी गड्याच्या डोक्यावर दिली. “आपलेच निघाले ना बाप्पा! दुसऱ्याच्या घरी राह्याची काय गरज हाय?” ओसरीला लागून असलेली खोली झाडून घेतली. कोणत्या गावचे, कोणाचे कोण, काही विचारलं नाही. आडनाव ऐकलं आणि कुलूप काढलं.

चार महिने ते आमच्या घरी राहिले. माय त्यांना आमच्याच पंगतीत वाढायची. “घ्या गुरुजी, अर्धी घ्या. तुमी तं चिमणीवानी खाता,” म्हणत अख्खी भाकर ताटात टाकायची. संध्याकाळी ओसरीवर ते माझं अक्षर घडवायचे. बोरू कसा तासायचा, रेघेवरून शब्द कसा लोंबकळू द्यायचा, वेलांटीचा माज कसा उतरवायचा. ‘वेलांटीचा माज’ हा त्यांचाच शब्द. मी खूप हसले होते. “कुसुम, नाव लिहिताना घाई करू नको. ते तूच आहेस,” असं ते म्हणायचे.

शाळेत त्यांनी एकच बदल केला. बौद्ध पोरं दाराशी वेगळ्या तरटावर बसायची, त्यांना त्यांनी सगळ्यांत मिसळून बसवलं. दीक्षेला दोन वर्षं झाली होती. त्यांच्या घरांतून देव गेले होते, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं होतं, पण शाळेतलं तरट तसंच होतं. माझ्या शेजारी शांता आली. तिची माय आमच्याच वावरात वेचायला यायची. शांता गणितात माझ्यापुढे होती आणि ते लपवत नव्हती. हेडमास्तर मोठेबाबांजवळ कुरकुरले. मोठेबाबा हसले, “नवं रक्त हाय. आपलंच पोरगं हाय. शिकीन हळूहळू.”

मग कापूस फुटला आणि सीतादहीचा दिवस आला. पहिल्या वेच्याआधी वावरात पाच दगड मांडून पूजा करायची, पिकावर दहीभात शिंपायचा, आणि तिथंच सगळ्यांनी जेवायचं. गुरुजीही आले होते. मोठेबाबांचे व्याही आले होते. पानावर दहीभात पडला होता. व्याह्यांनी सहज विचारलं, “गुरुजी, इंगळे म्हंजे कोनते इंगळे? कोन्या गावचे?”

“दर्यापूरकडचा आहे.”

“मंग आमचे पाहुणेच असान तुमी! दर्यापूरकडं आमचे लय सोयरे हायेत.”

इथं एक ‘हो’ पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. चार घास खाली गेले असते, बोलणं पिकापाण्यावर गेलं असतं, आणि तो माणूस आमच्या खोलीत वर्षानुवर्षं राहिला असता. मी पुढे आयुष्यात मोठमोठी भाषणं ठोकणारी धीट माणसं पुष्कळ पाहिली. पण हातात पानावरचा दहीभात घेऊन, वीस माणसांच्या मध्ये, कुणी बोट रोखलेलं नसताना खरं बोलणारा माणूस मी तो एकच पाहिला.

“नाही,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही म्हणता ते इंगळे आम्ही नाही. आम्ही बौद्ध आहोत.”

मला वाटलं, आता सगळे म्हणतील, बरं, भात घ्या. शप्पथ सांगते, मला तसंच वाटलं. दहा वर्षांच्या पोरीला वाटायला हरकत नव्हती. पण माय माझा दंड धरून मला मागे ओढत होती.

“चार महिने आमाले बाटवलं,” मोठेबाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण दाढ हलत होती. “कावून नाही सांगतलं?”

“तुम्ही जात विचारली असती तर त्याच क्षणी सांगितलं असतं,” गुरुजी म्हणाले. “चार महिन्यांत मी तुमच्याशी एकही खोटं बोललो नाही.” त्यांनी पान दोन्ही हातांनी बांधावर ठेवलं आणि पायवाटेनं निघून गेले. पऱ्हाटीच्या ओळीत उभी राहून शांताची माय त्यांच्याकडे पाहत होती. तिला ठाऊक होतं. त्यांच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा शहाण्यांना.

त्याच दुपारी मायनं घर सारवलं. गोमूत्र शिंपडलं. पितळेची ताटं विस्तवात घातली. गुरुजींची कप-बशी विस्तवात घालता येत नाही म्हणून परसात नेऊन दगडावर फोडली. जिनं चिमणीसारखं खाता म्हणून अख्खी भाकर आग्रहानं वाढली होती, तिनंच. मी विचारलं, “माय, कप कावून फोडला?” ती म्हणाली, “तुले नाही समजत.” खरंच मला समजत नव्हतं. आज समजतं, म्हणून राग जास्त येतो. मायचा राग येऊ नये असं सगळे सांगतात. येतो. ती प्रेमळ होती म्हणूनच येतो. कोरड्या माणसानं कप फोडला असता तर मी विसरले असते.

गुरुजी वस्तीत राहायला गेले, पण शाळेत येतच राहिले. तीच वेळ, तोच धुतलेला सदरा. गावाला तेच झोंबलं. आता शिवाशिव पाळणं कायद्यानं गुन्हा होता. जात आवडत नाही म्हणून मास्तर हलवा, असं कागदावर लिहिता येत नव्हतं. दुसरं कारण पाहिजे होतं.

ते कारण मी झाले.

दुसऱ्या वेच्याच्या वेळी कापसानं भरलेल्या बंडीवर बसून मी वावरातून घरी येत होते. शाळेजवळच्या उतारावर चाक दगडावर चढलं आणि मी वरून खाली आले. कपाळ फुटलं. बैल आवरेपर्यंत गडी पुढे गेला होता. शाळेतून गुरुजी धावत आले. त्यांनी मला उचललं, पायरीवर बसवलं, उकळलेल्या पाण्यानं जखम धुतली, आपल्या स्वच्छ धोतराची पट्टी फाडून बांधली. शांता गडवा धरून उभी होती. “रडू नको वं,” ती म्हणत होती, “डोया वाचला तुया.” इतकं सोपं होतं ते सगळं. एक पोरगी पडली, एकानं उचललं, एकीनं पाणी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी मला ओसरीवर बोलावलं. पुढ्यात एक कागद होता, मोडीत लिहिलेला. जुनी माणसं अजून मोडी लिहीत. मला बाळबोध तेवढी येत होती.

“कुसुम, तुवं अक्षर म्हने लय सुंदर हाय. पाहू बरं. अथी नाव लिव्ह, पुरं.”

बाबा बाजूला बसले होते. ते माझ्याकडे नाही, अंगणाकडे पाहत होते. मला काय त्याचं! मी मांडी घातली, बोरू दौतीत बुडवला, जास्तीची शाई निथळू दिली, घाई केली नाही. वेलांट्यांना माज येऊ दिला नाही. संपूर्ण नाव लिहिलं, शेवटी इंगळे. मोठेबाबा म्हणाले, “वा!” मी दिवसभर त्या ‘वा’त होते.

पंधरा दिवसांनी शाळा तपासायला साहेब आले. मोठेबाबा, बाबा आणि गावातली चार माणसं दाराशी उभी राहिली. साहेबांनी कागद उलगडला. “मोडी? अजून मोडी लिहिता का तुम्ही?” असं म्हणत अडखळत अडखळत त्यांनी तो मोठ्यानं वाचला. सदर शिक्षकानं माझी मुलगी कुसुम हिला छडीनं डोक्यावर मारून रक्तबंबाळ केलं. खाली मुलीची सही.

मला पहिल्यांदा कळलं, मी काय लिहिलं होतं ते.

साहेबांनी हजेरीपटाकडे पाहिलं, मग कागदाकडे. “मुलगीही इंगळे, शिक्षकही इंगळे. नातं आहे का काही?”

“नाही साहेब!” मोठेबाबा इतक्या जोरात म्हणाले की पहिलीतली पोरं दचकली.

“मुली, इकडे ये. यांनी तुला मारलं?”

मी उभी राहिले. बाबा माझ्याकडे पाहत होते. आता बरं पाहत होते! गुरुजी मात्र खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मला वाटलं, ते माझ्यावर रागावले. पुढे स्वतः मास्तरीण झाल्यावर कळलं, पोरीवर आपल्या नजरेचंही ओझं नको म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. नोकरी जात असताना त्या माणसाला हे सुचलं. आणि माझ्या माणसांना काय सुचलं? दहा वर्षांच्या पोरीच्या फुटलेल्या कपाळाचा पुरावा करायचं सुचलं.

साहेबांनी परत विचारलं. मी कपाळावरची खपली चाचपत राहिले.

“साहेब, ते खोटं हाय.”

शांता उभी राहिली होती. हेडमास्तर ओरडले, “खाली बस!” ती बसली नाही. तिनं परकर दोन्ही मुठींत धरला होता. “ही बंडीवरून पडली. मी पायलं. गुरुजीनं हिले उचललं. पानी मी धरलं होतं. मारलं नाही, साहेब. गुरुजी कोनालेच मारत नाहीत.”

साहेब माझ्याकडे वळले. “ही म्हणते ते खरं का?”

“हो,” मी म्हटलं.

बाबांनी माझा हात धरला आणि मला शाळेतून घरी नेलं. मारलं नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं तोडलं, ते थेट संक्रांतीपर्यंत. माय म्हणाली, “काय गरज होती तुले बोलाची?” म्हणजे माझ्या घरात मी खोट्यावर सही करून दिली तेव्हा शाबासकी मिळाली, आणि खरं बोलले तेव्हा अबोला.

निकाल काय लागला? तक्रार सिद्ध होत नाही असं साहेबांनी लिहिलं. आणि त्याच्याच खाली, गावातला सलोखा राहावा म्हणून शिक्षकाची बदली करावी, असंही लिहिलं. हेडमास्तर तो शब्द नंतर सारखा घोळवायचे. सलोखा! त्या शब्दाचा मला जितका तिटकारा आहे तितका शिव्यांचाही नाही. एका बाजूनं धक्का द्यायचा, दुसऱ्यानं पडायचं, आणि पडणाऱ्यानं आवाज न करता पडलं की त्याला म्हणायचं सलोखा.

गुरुजी गेले. त्यांना सोडायला वस्तीतली सगळी माणसं सडकेपर्यंत गेली होती म्हणे. मला घराबाहेर पडू दिलं नाही. आणि वेचणी ऐन भरात असताना एका सकाळी शांताची माय ओळीत उभी राहिली, तेव्हा मोठेबाबा तिला म्हणाले, “तुया हाताले काम नाही.” दुसऱ्याच्या वावरात गेली, तिथंही नाही. तिसऱ्याच्या, तिथंही नाही. वावरं पांढरी फटक पडली होती, वेचायला हात पुरत नव्हते, कापूस जमिनीवर गळून मातीत जात होता. पण त्या दोन हातांना गावात काम नव्हतं. त्यांचा गुन्हा इतकाच, की त्यांच्या पोरीनं पाहिलं ते सांगितलं. संक्रांतीआधी त्या मायलेकी अकोल्याला गेल्या. तिथं शांताचा मामा कापसाच्या जिनात कामाला होता.

ही जुनी गोष्ट आहे, आता असं काही नाही, असं मला आमच्या कॉलनीतले लोक सांगतात. मागच्याच महिन्यात आमच्या इमारतीत भाड्यानं जागा पाहायला एक जोडपं आलं होतं. दोघं इंजिनियर. सेक्रेटरीनं नाव विचारलं, मग हसून, अगदी गोड हसून विचारलं, “म्हणजे कोणते?” मी जिन्यात होते. मी म्हटलं, “तुम्हाला कोणते पाहिजेत? यादी करून दारावर लावा, लोकांची चक्कर वाचेल.” तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. अबोल्याची मला सवय आहे.

पण माझीही झाडाझडती झाली पाहिजे. ती शांतानं घेतली.

मी अमरावतीला शिकले, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं, एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागले. त्याच वर्षी कापसाच्या दिवसांत माझ्या मामाकडे अकोल्याला गेले असताना टपाल कचेरीत कार्डं घ्यायला उभी राहिले. खिडकीपलीकडून आवाज आला, “कुसुम ना तू?”

शांता. दोन वेण्यांची एक वेणी झाली होती, डोळ्यांवर चष्मा. तिथं कारकून होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पायरीवर बसलो. तिची माय जिनात सरकी वेगळी करता करता छातीनं अधू झाली होती. गुरुजी पातूरकडच्या एका शाळेत होते. त्यांचं दर महिन्याला पत्र येई. त्यांच्या जिवावर आपण मॅट्रिक झालो, असं ती म्हणाली.

मी नऊ वर्षं मनात घोळवलेलं बोलून टाकलं. “शांता, मला ते अजून विसरता येत नाही गं. साहेबांसमोर मी ‘हो’ म्हटलं होतं. आठवतं ना तुला?”

तिनं डबा बंद केला. “आठवते ना. मी बोलल्यावर म्हटलं तू.”

मी हातातली कार्डं उलटसुलट करू लागले.

“तुले काय पायजे, कुसुम? माफी पायजे का शाबासकी? तू ‘हो’ म्हटलं अन् घरी गेली जेवाले. आमी गाव सोडलं.” तिचा आवाज शांत होता. त्यानंच मला जास्त लागलं. “अन् हे मले कावून सांगून राहिली? मले तं माहीतच हाय. ज्याइले माहीत असून नाही म्हनतात, त्याइले जाऊन सांग.”

सुट्टी संपली. ती खिडकीमागे गेली आणि पुढच्या माणसाला म्हणाली, “बोला.”

त्या जानेवारीत, सव्वीस तारखेला, गावानं माझा सत्कार ठरवला. गावातली पहिली शिकलेली मुलगी, पहिली बाई-मास्तर. तीच शाळा, तेच हेडमास्तर, निवृत्तीला आलेले. झेंडावंदन झालं. खुर्च्यांवर मोठी माणसं, त्यांत बाबा आणि मोठेबाबा. पुढे जमिनीवर पोरं. हार घातला. मोठेबाबा उठून म्हणाले, “आमच्या घरच्या संस्कारानं पोरगी शिकली.” मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी सांगितलं. बंडी सांगितली, पट्टी सांगितली, मोडीतला कागद सांगितला. “त्या कागदावर सही माझी होती आणि मजकूर खोटा होता,” मी म्हटलं. “मला शिकवलं ते इंगळे गुरुजींनी. त्यांना या गावानं खोटं बोलून घालवलं. शांतानं खरं सांगितलं, म्हणून तिच्या मायचं काम तोडलं. माझा सत्कार करू नका.” हार काढून टेबलावर ठेवला. धीट मी कधीच नव्हते. मला फक्त इतका राग आला होता की भीतीला उभं राहायला जागा उरली नव्हती.

बाबा मान खाली घालून बसले होते. हेडमास्तरांनी घंटेकडे हात नेला.

तेवढ्यात पुढच्या ओळीतून माझी पुतणी उठली. मोठेबाबांची नात, सहा वर्षांची, त्या वर्षी पहिलीत गेलेली. “आत्या, ते गुरुजी मेले का?”

“नाही. पातूरकडे आहेत.”

“मंग वापस कावून नाही आनत?”

मुलांना खोटं सांगायचं नाही, एवढं एक तरी मी त्या माणसाकडून शिकले होते. “आपल्याला ते नको होते म्हणून,” मी म्हटलं.

ती वळली, खुर्च्यांच्या ओळीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आबा, तुमाले कावून नको होते?”

मोठेबाबा उठायला म्हणून इकडेतिकडे आपली काठी शोधू लागले. खुर्चीखाली पाहिलं, शेजाऱ्याच्या पायाशी पाहिलं, मागे पाहिलं. काठी त्यांच्या हातातच होती.